सहीचे दोन कागद

१९८२ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, वर्ध्याजवळील पवनारच्या आश्रमात हृदयविकाराच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेल्या विनोबा भाव्यांनी अन्न, पाणी आणि औषध या तिन्हींचा त्याग केला, आणि डॉक्टरांच्या विनवणीने वा शिष्यांच्या अश्रूंनी यत्किंचितही न ढळता १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्याच दिवशी, देह ठेवला. त्यापूर्वी सोळा वर्षे, १९६६ च्या फेब्रुवारीत, मुंबईत दादरच्या सावरकर सदनात विनायकराव सावरकरांनी अन्न व औषध वर्ज्य करून याच मार्गाने २६ तारखेस जगाचा निरोप घेतला होता. कृतकृत्य जीवनाच्या अखेरीस स्वेच्छेने केलेला देहत्याग हा आत्महत्येहून वेगळा मानावा, हा विचार त्यांनी दोन वर्षे आधीच लेखरूपाने मांडून ठेवलेला होता. ज्या दोन पुरुषांचे राजकारण आणि तत्त्वज्ञान यांत एका सूत्राचाही मेळ बसत नसे, त्यांचे या एकाच बाबतीत मतैक्य व्हावे, ही महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील मोठी मौजेची गोष्ट आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ वे कलम या दोन्ही प्रसंगी पुरते अंमलात होते. पण सावरकर सदनाच्या किंवा पवनारच्या दारात पंचनाम्याचे दप्तर घेऊन कोणी फौजदार गेला नाही, आणि जाणार नाही हे सर्वांना ठाऊक होते.

सामान्य माणसाच्या दारात मात्र तो जात असे. मुंबईच्या पोलीस दलातल्याच एका शिपायाने, जो एका अपघातानंतर मनोविकाराने ग्रस्त झालेला होता, पत्नीला भाजीविक्रीचा परवाना मिळत नाही म्हणून १९८५ साली महापालिका आयुक्तांच्या कचेरीपाशी अंगावर रॉकेल ओतून घेतले, तेव्हा याच कलमाखाली त्याच्यावर फिर्याद गुदरली. आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले असता न्यायमूर्ती पी. बी. सावंत व बी. जी. कोळसे-पाटील यांनी १९८६ मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच दिशा धरली, आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती सोडून दिली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्वाळा झाला. तथापि त्याच निकालपत्रात एक खिडकी किलकिली राहिली होती. ज्याच्या नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेलीच आहे, त्याचे मरण सन्मानाने व्हावे हे मात्र जगण्याच्या हक्कातच मोडते, असे न्यायालयाने म्हटले. आणि पुढल्या तीस वर्षांतला सारा कायदा या खिडकीतूनच आत आला आहे.

यातले सर्वांत गाजलेले प्रकरणही मुंबईचेच. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला, मेंदूला रक्त न मिळाल्याने त्यांची शुद्ध कायमची हरपली, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने प्राण जाईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या चार क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या एका खोलीत पडून राहिल्या. लेखिका पिंकी विरानी यांनी त्यांच्या वतीने अन्न थांबवण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी ती नाकारली, आणि नाकारतानाच, जीवरक्षक उपचार थांबवणे हे उच्च न्यायालयाच्या अनुमतीने का होईना या देशात प्रथमच वैध ठरवले. अरुणाबाईंच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा न्यायालयाने तो विरानींना दिला नाही. ज्यांनी पिढ्यांमागून पिढ्या तिला भरवले, न्हाऊ घातले, आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगाला एक शय्याव्रण होऊ दिला नाही, त्या के.ई.एम.च्या परिचारिका आणि कर्मचारी हेच तिचे आप्त, असे न्यायालयाने मानले.

या तिन्ही प्रकरणांवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले, धर्मशास्त्र आले, नीतिशास्त्र आले, घटनेचे एकविसावे कलम आले. पण त्यांच्यातील एका समान गोष्टीकडे कोणी विशेष लक्ष दिलेले दिसत नाही. यांपैकी कोणालाही बिल येत नव्हते. विनोबा आश्रमात होते, सावरकर स्वगृही होते, आणि अरुणाबाई महापालिकेच्या अशा रुग्णालयात होत्या, जेथे त्यांच्या खाटेचा हिशेब कोणी कोणाच्या हाती ठेवणार नव्हते. म्हणूनच त्यांच्या मरणाची चर्चा निखळ तत्त्वाच्या पातळीवर होऊ शकली. जगावे की जाऊ द्यावे, एवढाच प्रश्न तेथे होता. किती दिवसांचे पैसे भरले आहेत, हा नव्हता.

मध्यमवर्गीय घरातला वृद्ध जेव्हा पडतो, किंवा त्याला पक्षाघात होतो, किंवा साध्या खोकल्याचे फुप्फुसात पाणी होते, तेव्हा प्रश्नांचा क्रम उलटा होतो. रात्री रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभागात खाट मिळते, आणि पहिला संवाद अनामत रकमेचा होतो, ज्याला हल्ली खेड्यातला माणूसही डिपॉझिटच म्हणतो. मुलगा त्या क्षणी जे बोलतो ते जवळजवळ ठरलेले असते: पैशाकडे बघू नका, करता येईल ते सगळे करा. हे बोलण्यात दंभ नसतो. बापाच्या प्राणांपुढे पैशाचा विचार करणारा मुलगा, असे आपल्याला कोणी म्हणू नये, आणि आपणही स्वतःला म्हणू नये, ही त्यामागची व्याकुळता असते. डॉक्टरांपुढेही दुसरा मार्ग नसतो, कारण न केल्याचा ठपका येतो, केल्याचा सहसा येत नाही. चौथ्या दिवशी कृत्रिम श्वासाची नळी असते, सातव्या दिवशी डायलिसिस सुरू होते, आणि दहाव्या दिवशी न्यू जर्सीहून दुसरा मुलगा येऊन पोहोचतो, ज्याने वडिलांना दोन वर्षांत पाहिलेले नसते आणि म्हणून ज्याची आशा सर्वांत ताजी असते. तो आल्यावर उपचार कमी करण्याची गोष्ट आणखी एक आठवडा मागे पडते. मग एका सकाळी बिलाच्या खिडकीवर जी रक्कम सांगितली जाते ती ऐकून हीच मंडळी मागे फिरतात, आपसांत कुजबुजतात, आणि मोठा मुलगा वॉर्डात जाऊन म्हणतो, आम्ही घरी नेतो.

येथे त्याच्यापुढे एक कागद येतो. रुग्णालयाच्या बोलीत त्याला डामा म्हणतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, परिणामांची पूर्ण जाणीव असताना, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत, अशा आशयाचा तो छापील मजकूर असतो आणि खाली नातलगाची सही असते. त्या सहीनंतर रुग्णाला जिन्याखाली आणले जाते, रुग्णवाहिकेत कोणीतरी हाताने फुगा दाबीत त्याला श्वास देत असतो, आणि घरच्या खाटेवर ठेवून नळी काढली की काही मिनिटांत किंवा काही तासांत सर्व संपते. वेदना शमवणारे औषध नाही, धाप कमी करणारा कोणी नाही, आणि त्या कागदाने रुग्णालयाची जबाबदारी संपलेली असते. अतिदक्षता शास्त्राच्या भारतीय तज्ज्ञांनी स्वतःच गेली दोन दशके आपल्या मार्गदर्शक सूत्रांतून या प्रथेबद्दल असमाधान व्यक्त केले आहे. माझे मत असे, की उपचार थांबवण्याचा जो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उंच तटबंदीआड ठेवला, तोच निर्णय या देशात दररोज असंख्य वेळा, कोणत्याही मंडळाविना, कोणत्याही साक्षीविना, केवळ बिलाच्या खिडकीपाशी होत असतो; त्याला इच्छामरण म्हणत नाहीत एवढेच.

आणि हे पैसे येतात कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. मुदतीच्या ठेवी मोडल्या जातात, पतपेढीत सोने तारण पडते, खेड्यातला तुकडा गहाण जातो. गेलेल्या माणसाच्या बाजूने पाहता हे सर्व त्याच्यासाठी झाले. पण ते ज्याच्या पदरातून गेले ते माणूस बहुधा त्याची बायको असते, जी वयाने पाच-सात वर्षे लहान असते आणि जिला अजून दहा-पंधरा वर्षे काढायची असतात. त्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांची किंमत तिच्या उरलेल्या पंधरा वर्षांतून वसूल होते, आणि त्या वेळी कोणी तिला विचारलेले नसते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली, म्हणजे एस.टी., सहकारी कारखाने, गिरण्या आणि खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांच्या योजनेखाली, किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ते ७,५०० व्हावे म्हणून या वृद्धांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. श्रावणबाळ योजनेचे राज्य सरकारचे मासिक मानधन १,५०० रुपये आहे. मुलांनी सांभाळावे यासाठी २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, पण त्या कायद्यातली निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आणि आपल्याच मुलाविरुद्ध प्रांताच्या कचेरीत उभी राहणारी आई, कायदा करणाऱ्यांनी जितकी सहज कल्पिली, तितकी सहज सापडत नाही.

विम्याने हे दुःख हलके व्हावे, अशी अपेक्षा असते, आणि काही अंशी ते होतेही. पासष्टीनंतर नवी पॉलिसी न मिळण्याचा निर्बंध २०२४ मध्ये गेला, वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, आणि सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ५ लाखांपर्यंतचे आयुष्मान कवच ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. महाराष्ट्राच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही तेवढीच झाली आहे. पण या सर्व यंत्रणेची एक खोड आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती दाखल होण्याचे पैसे देते. चोवीस तास खाटेवर पडलात तर दावा, न पडलात तर नाही, हा सर्वसाधारण नियम. घरी उपचार घेण्याची तरतूद पॉलिसीत लिहिलेली असते, परंतु रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा रुग्णालयात खाटच मिळाली नाही, अशा अटींनी ती वेढलेली असते. त्यातही खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की त्या प्रमाणात बाकीच्या बिलालाही कात्री लागते, हे कित्येकांना दाव्याचा निकाल हाती आल्यावरच कळते. ब्यूरोची बाई, हवेची गादी, प्राणवायूचे भाड्याचे यंत्र, डायपर, रात्री येणारी नर्स यांतले काहीच सहसा दाव्यात बसत नाही. अशा रीतीने, ज्या वृद्धाला घरीच मरायचे आहे त्याला विमा रुग्णालयाकडे ढकलतो, आणि विमा संपला की रुग्णालय त्याला घराकडे ढकलते.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती कित्येकांना अखेरपर्यंत कळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे ४१ क क हे कलम आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार महाराष्ट्रातील अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. हा लाभ मागावा लागतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि ज्या रात्री तो लागतो त्या रात्री तहसील कचेरी बंद असते.

आता दुसरा कागद. कॉमन कॉज या संस्थेने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला, आणि शुद्धीवर असतानाच आपल्या अखेरच्या उपचारांविषयी निर्देश लिहून ठेवण्याचा प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा अधिकार मान्य केला. लोक त्याला लिव्हिंग विलच म्हणतात. मान्य तर केला, पण त्याभोवती अशी तटबंदी उभारली, की न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही, वीस-वीस वर्षांच्या अनुभवाच्या डॉक्टरांची मंडळे, जिल्हाधिकारी, असे सर्व सोपस्कार पुरे होईतो रुग्ण आपल्या वाटेने निघून जाई. २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्यात सुधारणा केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निर्णय घेण्यासाठी एकापेक्षा अधिक आप्तांची नावे देता येतात. रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ, मग जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरासह दुय्यम मंडळ, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यास अंमलापूर्वी कळवावे. कागद कधीही रद्द करता येतो, आणि माणूस स्वतः बोलू शकतो तोवर त्याचा अंमल होत नाही. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवायची असते.

हा अभिरक्षक कोठे बसतो, हे विचारायला पहिल्यांदा जो गेला तोही डॉक्टरच होता. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा असा दस्तऐवज केला, तो ठेवायला जागाच नाही असे आढळले, आणि त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तेव्हा कुठे महापालिकेने प्रभागवार आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम सोपवले आणि २०२४ मध्ये राज्यभरच्या नगरपालिका-महापालिकांतून चारशेंहून अधिक अभिरक्षक नेमल्याचे शासनाने न्यायालयास सांगितले. गोव्यात २०२४ च्या मे महिन्याअखेर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनीच आपला निर्देश नोंदवून राज्यात पायंडा पाडला. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये शासकीय परिपत्रक काढले. शिक्षित, स्वस्थ आणि बहुधा सधन माणसांनी पुढाकार घेतला आहे, यात वावगे काही नाही. नव्या दस्तऐवजांचे असेच होते.

गिरगावातल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने २०१८ च्या निकालाच्या थोडे आधी राष्ट्रपतींना अर्ज करून, आजार नसतानाही, एकत्र आणि सुखाने जाण्याची परवानगी मागितली होती; त्यांना या निकालाचा काही उपयोग नव्हता, कारण न्यायालयाने उपचार नाकारण्यास मोकळीक दिली, मरण देण्यास नव्हे. मला ती मर्यादा योग्य वाटते, आणि तिचे कारण पुन्हा पैशातच आहे. २०११ च्या निकालात न्या. काटजूंनी मालमत्तेवर डोळा ठेवणाऱ्या नातलगांची भीती स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली होती. पण नातलग लोभी नसले तरी भय सरत नाही. ज्या घरात सुनेची नोकरी, नातवाची फी आणि सासूची औषधे एकाच पगारातून निघतात, तेथे सासू ‘मला नको ते उपचार’ असे लिहून देते तेव्हा ती देहाला कंटाळलेली असते की आपल्या खर्चाला, हे नोटरीच्या शिक्क्यावरून कळत नाही, आणि दोन साक्षीदारांनाही सांगता येणार नाही. जिच्यापुढे दुसरा परवडणारा मार्गच नाही, तिच्या सहीला स्वतंत्र इच्छा म्हणणे ही कायद्याची सोय आहे.

तो दुसरा मार्ग नाही असे मात्र नाही. वांद्र्याला माऊंट मेरीच्या परिसरात डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांना ठेवून घेणारी ही भारतातली पहिली संस्था, आणि ती पैसे घेत नाही. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहारक उपचार केंद्र १९९७ पासून तसेच विनामूल्य चालते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी जे सुरू केले ते शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या बळावर गावोगाव पोहोचले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने ते धोरण म्हणून स्वीकारले. तेथे नर्स घरी जाते, जखम बांधते, गोळ्यांचा हिशेब पाहते, आणि स्थानिक पंचायत त्याचा भार उचलते. मॉर्फीनची गोळी काही महाग वस्तू नव्हे. तिच्या आड १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला, ज्याने परवान्यांचे असे जाळे विणले की रुग्णालयांनी ती ठेवणेच सोडले; २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले, पण मधल्या एका पिढीतल्या डॉक्टरांनी ती कधी लिहूनच दिली नव्हती. २०१० साली मरणाच्या दर्जाची चाळीस देशांची जी यादी इकॉनॉमिस्ट समूहाने प्रसिद्ध केली, तीत भारत चाळिसावा होता. २०१५ च्या ऐंशी देशांच्या यादीत सदुसष्टावा.

या सेवेचे अर्थशास्त्र साधे आहे. घरी येणारी नर्स, महिन्याच्या गोळ्या आणि गरज पडली तर बोलता येईल असा डॉक्टर, यांचा खर्च अतिदक्षतेतील थोड्या दिवसांच्या खर्चापुढे नगण्य ठरतो. पण ज्या योजनांच्या हातात लाखांची कवचे आहेत त्यांना ‘घरी आलेली नर्स’ हा दावा कसा लिहावा हे माहीत नाही. त्यांच्या यादीत शस्त्रक्रिया आहेत, स्टेंट आहेत, डायलिसिस आहे. आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये जीवरक्षक साधने काढण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जनतेपुढे ठेवला, त्यावर डॉक्टरांच्या संघटनांनी बराच काथ्याकूट केला. साधने काढल्यानंतर रुग्ण ज्या घरी जातो, त्या घराविषयी त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

घरी मरण आले तरी शेवटी आणखी एका कागदाची गरज पडते, आणि त्याची धास्ती मी जितक्या वृद्धांच्या तोंडून ऐकली तितकी मरणाचीही ऐकली नाही. घरी झालेल्या मृत्यूचे कारण नमुना ४ अ मध्ये डॉक्टराने लिहून दिल्याशिवाय शहरातल्या स्मशानात पुढचे काम अडते. पूर्वी हे काम फॅमिली डॉक्टर करी. तो जिना चढून येई, नाडी पाहून मान हलवी, आणि खिशातल्या पेनने दाखला लिहून देई. आज मध्यरात्री असा डॉक्टर मिळत नाही म्हणून, गेलेल्या किंवा जाऊ घातलेल्या माणसाला केवळ दाखल्यासाठी रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले जाते, तेथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद झाली की पोलिसांना वर्दी जाते, आणि क्वचित शवविच्छेदनही होते. म्हणून ज्यांना आपले निर्देश लिहून ठेवायचे आहेत त्यांना मी नोटरीआधी आपल्या डॉक्टराकडे जायला सांगतो, आणि विचारायला सांगतो, की रात्री दोनला फोन केला तर आपण याल का. पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते, फक्त तो होकार देणारा डॉक्टरही आता पंचाहत्तरीला आलेला असतो, आणि त्याचा दवाखाना चालवायला त्याच्या मागे कोणी नसते.